दुसरा बार कुठं ठेवायचा?

भात पसवलं की डुकरांचा विषय निघतो, आणि डुकरांचा निघाला की बंदुकीचा निघतोच. हल्ली तरुण पोरं मोबाईलवर अमेरिकेतल्या बंदुकींचे फोटो बघतात. बंदुकीच्या कुशीला एक पट्टी, तिच्यात पाच-सहा काडतुसं ओळीनं खोचलेली. "काका, हे आपल्या बारा बोअरला बसेल काय?" असं या महिन्यात दोघांनी विचारलं. उत्तर देतो, पण आधी ही पट्टी आली कुठून ते बघू. गोष्ट चारशे वर्षांची आहे.

बंदुकीची खरी अडचण पहिल्या बाराची कधीच नव्हती. अडचण दुसऱ्याची. ठासणीची बंदूक ज्यांनी हाताळली आहे त्यांना हे सांगायला नको. नळीत दारू ओता, वर बोळा, गजानं ठासा, छरे घाला, पुन्हा बोळा, पुन्हा ठासा, मग केप बसवा. तोवर डुक्कर बांध ओलांडून दुसऱ्याच्या शेतात. आणि दारू शिंगात, छरे पिशवीत, केपा खिशात, म्हणजे अंधारात तीन ठिकाणी चाचपायचं.

युरोपातल्या सैन्यांची १७व्या शतकात हीच रड होती. त्यांनी खांद्यावरून तिरका पट्टा घेतला आणि त्याला लाकडी नळकांडी लोंबती बांधली. एका नळकांड्यात एका बाराची मोजलेली दारू. बहुधा बारा नळकांडी असायची, म्हणून पुढं लोक त्यांना 'बारा प्रेषित' म्हणू लागले. मोजायचा वेळ वाचला, पण नळकांडी एकमेकांवर आपटून खडखड वाजत, एकमेकांत अडकत. शिवाय हातात पेटती जामगी आणि छातीवर दारू! ठिणगी पडली की माणूसच पेटायचा.

मग कागद आला. दारू आणि गोळी एकाच कागदी पुडीत बांधायची, पुड्या कमरेच्या चामडी पेटीत ठेवायच्या. या पेटीला आपल्या मराठीत तोसदान म्हणत. 'काडतूस' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला. आणि 'बंदूक' अरबीतून आलेला, मुळात त्याचा अर्थ एक गोल फळ, हेझलनट. त्यावरून गोळी, आणि गोळीवरून हत्यार.

ही कागदी पुडी दातानं फाडायची पद्धत होती. एनफिल्ड रायफलीच्या काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, हा संशय १८५७ च्या सुरुवातीला शिपायांत पसरला. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडेनं हत्यार उचललं. उठावाला कारणं पुष्कळ होती, पण ठिणगी पडली ती कमरेच्या पेटीतल्या पुडीवरून.

तोपर्यंत पॅरिसमध्ये लफोशू नावाच्या कारागिरानं १८३०च्या दशकात मोठी उडी मारली होती. बंदूक मधून मोडायची, मागून काडतूस घालायचं, बंद करायची. दारू, छरे, पेटवायची सोय, सगळं एकाच नळकांड्यात. आपली मोडायची सिंगल आणि डबल बॅरल याच घराण्यातली. बारा बोअर म्हणजे काय, तर एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं नळीचं तोंड.

आता नीट बघा. या काडतुसानं आपल्याला दोन गोष्टी दिल्या. एक, बंदूक पटकन भरता येते. दोन, पटकन रिकामी करता येते. ठासणीची भरली की भरली. केप काढली म्हणजे झालं असं माणसं समजतात, पण बार आतच बसलेला असतो. मोडायच्या बंदुकीतलं काडतूस दोन बोटांनी बाहेर येतं. पहिल्या गुणाचं कौतुक सगळ्यांनी केलं. दुसऱ्याचं कुणी केलं नाही.

पुढची सगळी धाव पहिल्याच गुणामागं. अमेरिकेत जॉन ब्राउनिंगनं आखलेली विंचेस्टरची १८९७ ची पंप बंदूक आली. पाच काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत, हात मागं-पुढं केला की पुढचं काडतूस वर. ती पहिल्या महायुद्धात खंदकात गेली. तिथं ओलीनं कागदी काडतुसं फुगून अडकू लागली, म्हणून सबंध पितळेची काढावी लागली. कोकणच्या पावसात काडतुसं सांभाळणाऱ्याला हे दुखणं वेगळं समजवायला नको. प्लास्टिकचं काडतूस बाजारात आलं ते १९६० मध्ये.

बंदुकीच्या कुशीला काडतुसं अडकवणं हे त्याच्याही नंतरचं. शिकाऱ्याच्या कमरेला पट्टा असतो, शिपायाच्या अंगावर पेटी असते. पण मध्यरात्री दार वाजल्यावर अंथरुणातून उठलेल्या माणसाच्या अंगावर खिसासुद्धा नसतो. अमेरिकेत घरच्या राखणीसाठी बंदूक ठेवणारे पुष्कळ. त्यांनी विचार केला, माणसाच्या अंगावर जागा नाही तर बंदुकीच्याच अंगावर ठेवा. कुणी दस्त्यावर इलॅस्टिकची पट्टी चढवली, कुणी कुशीला प्लास्टिकची पट्टी स्क्रूनं बसवली. तिचीही दुखणी आहेत. स्क्रू जास्त आवळला तर पंप जड चालतो. इलॅस्टिक सैल पडलं की काडतूस गळतं. सहा काडतुसांचं पाव किलोच्या आसपास वजन एका अंगाला, बंदूक कलते.

आता आपल्याकडं बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीचीच बंदूक धरली आहे. ती पुरणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. म्हणजे कायद्यानं धरलेलं शेतकऱ्याचं काम हे एका बाराचं आहे. अनुभवही तोच. आवाज झाला की कळप पांगतो, दुसऱ्या बारासाठी डुक्कर थांबत नाही. आणि हा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. जनावर मारायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

तर पोरांनो, पट्टी बसेल का? बसेलही. पण ती ज्या अडचणीसाठी निघाली ती आपली अडचण नाही. आपल्या घरात बंदूक रात्री दोन तास बाहेर असते आणि बाकी वर्षभर घरात. घरात पोरं असतात, सुट्टीला आलेले भाचे असतात, कधी दारू प्यायलेला पाहुणा असतो, कधी कर्जानं खचलेला घरचाच माणूस असतो. हे शेवटचं मुद्दाम लिहितोय. बंदूक आणि काडतूस यांच्यात एक कपाट, एक कुलूप, चार पावलं असली तर तेवढ्यात माणसाला भानावर यायला वेळ मिळतो. पट्टी नेमका तोच वेळ खाते.

म्हणून माझा नेम साधा आहे. बांधावरून परतताना अंगणाबाहेरच बंदूक मोडायची, काडतूस काढायचं, नळीतून उजेड बघायचा. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या वेगळ्या. किती नेली, किती उडाली, किती परत आली ते त्याच रात्री वहीत. विकत घेतलेल्या काडतुसांची नोंद परवान्यावर असतेच, तिच्याशी वही जुळली पाहिजे.

ठासणीवाल्यांनी बार भरायचा तो बांधावर गेल्यावरच. भरलेली बंदूक खुंटीला टांगायची नाही, केप काढलेली असली तरी नाही.