हॉपिन जॉन: चवळी-भाताची गोष्ट, आणि ती कुणाच्या नावावर आहे?

आजच्या भागाची सुरुवात माझ्या एका फजितीपासून.

गेल्या रविवारी मी घरी 'हॉपिन जॉन' करायला घेतलं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतला हा अगदी घरगुती पदार्थ. चवळी, तांदूळ, कांदा आणि बेकन, म्हणजे खारवलेलं, धुरी दिलेलं डुकराचं मांस. तिकडे १ जानेवारीला हे खाल्लं की वर्ष बरकतीचं जातं म्हणतात. चवळीचे दाणे म्हणजे नाणी, सोबतची पालेभाजी म्हणजे नोटा. उरलेलं दुसऱ्या दिवशी खाल्लं तर त्याचं नाव बदलतं, 'स्किपिन जेनी'!

मला वाटलं, चवळी आणि भात, यात शिकण्यासारखं काय आहे? सगळं एकदम कुकरमध्ये टाकलं, चार शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर आत गिचका. चव वाईट नव्हती, पण फोटोतल्यासारखा मोकळा, दाणा दाणा सुटा भात कुठेच नव्हता.

मग मी जुनी पाककृती शोधली. ती सापडते १८४७ सालच्या 'द कॅरोलिना हाउसवाइफ' या पुस्तकात. एक पौंड बेकन, एक पाइंट लाल चवळी, एक पाइंट तांदूळ. चवळी आधी अर्धी शिजवायची, मग बेकन घालायचं, चवळी नीट शिजली की निवडून धुतलेले तांदूळ टाकायचे आणि शेवटी भांडं निखाऱ्यावर ठेवून भात वाफेवर मुरू द्यायचा. म्हणजे माझी चूक कळली. चवळीला आणि तांदळाला लागणारा वेळ वेगळा असतो, आणि भात मोकळा होतो तो शेवटच्या मंद वाफेवर.

पुस्तकावर लेखिकेचं नाव नव्हतं. 'चार्ल्सटनची एक स्त्री', एवढंच. ही स्त्री म्हणजे सेरा रटलेज. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या एडवर्ड रटलेज यांची मुलगी. आता तुम्हीच विचार करा, १८४७ साली चार्ल्सटनमधल्या इतक्या बड्या घरातली बाई रोज स्वतः चुलीपुढे बसून तांदूळ निवडत असेल का? त्या घरांमधला स्वयंपाक गुलाम म्हणून राबणाऱ्या कृष्णवर्णीय बायका-पुरुष करायचे.

इथे आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

चार्ल्सटन हे साउथ कॅरोलिनातलं बंदर. कॅरोलिनाची इंग्रज वसाहत १६७० मध्ये वसली, आणि सतराव्या शतकाच्या शेवटी तिथे भातशेती सुरू झाली. वसाहतवाल्या इंग्रजांना भातशेतीचा अनुभव नव्हता. पश्चिम आफ्रिकेत मात्र, सेनेगल-गांबियापासून सिएरा लिओनपर्यंत, लोक शेकडो वर्षं भात पिकवत होते. त्याच पट्ट्यातून माणसं पकडून, विकत घेऊन कॅरोलिनात आणली गेली. साधारण १७०८ पर्यंत त्या वसाहतीत गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय जास्त झाले होते.

काम कसं होतं? दलदल साफ करायची, बांध घालायचे, भरती-ओहोटीच्या हिशोबाने लाकडी दारं उघडून शेतात पाणी घ्यायचं आणि सोडायचं. एका माणसाला दिवसाला साधारण पाव एकराचं काम नेमून दिलेलं. वर डास आणि मलेरिया. उन्हाळ्यात मालक मंडळी शेतं सोडून शहरात जायची, गुलाम तिथेच. पीक आलं की भात उखळात मुसळाने कांडायचा आणि सुपात पाखडायचा. हो, उखळ, मुसळ आणि सूप! तिकडची सुपं गवताची विणलेली, गोल. त्याच विणीच्या टोपल्या आजही चार्ल्सटनच्या बाजारात त्या लोकांचे वंशज, म्हणजे गला समाजातल्या बायका, विकायला बसतात.

आता हे ज्ञान नक्की कुणाचं, यावर इतिहासकारांची चांगलीच जुंपली आहे. ज्युडिथ कार्नी यांनी २००१ मध्ये 'ब्लॅक राइस' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, भातशेतीची अख्खी पद्धतच आफ्रिकी लोकांनी आणली. २००७ मध्ये तीन इतिहासकारांनी गुलामांच्या जहाजांच्या नोंदी मांडून सांगितलं की हा दावा जरा जास्तच ताणलेला आहे, जुळवाजुळव सगळ्यांची होती. शिवाय पुढे प्रसिद्ध झालेला 'कॅरोलिना गोल्ड' हा तांदूळ मुळात आशियाई जातीचा. हा वाद चालू राहील. पण कांडणारे, पाखडणारे, शिजवणारे हात कुणाचे होते, यावर वाद नाही. आणि चवळी तर आफ्रिकेचीच. आपल्याकडेही ती हजारो वर्षांपूर्वी तिथूनच आली, म्हणून माझ्या डब्यातली चवळी आणि चार्ल्सटनची लाल चवळी एकाच जातीच्या. सेनेगलमध्ये आजही चवळी-भात करतात, त्याला 'चेबू न्येबे' म्हणतात.

मग त्या हातांनी स्वतः का नाही लिहून ठेवलं? कारण कायदा. १७४० मध्ये साउथ कॅरोलिनाने गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा ठरवलं. १८३४ च्या कायद्याने वाचायला शिकवण्यावरही बंदी आली. आमच्या कामात गिट वापरतात, तिथे ज्याने कमिट केलं त्याचं नाव दिसतं, डोकं कुणाचं होतं ते दिसत नाही. इथे तर एका अख्ख्या समाजाला लॉगिनच दिलेलं नव्हतं.

तरी एक बाई त्यातून वाट काढते. ॲबी फिशर. जन्म साउथ कॅरोलिनाचा. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, पुढे त्या कुटुंबासह सॅन फ्रान्सिस्कोला गेल्या. त्यांच्या लोणच्यांना आणि मुरंब्यांना प्रदर्शनांत बक्षिसं मिळाली. लोक म्हणाले, पुस्तक काढा. पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग त्या सांगत गेल्या आणि दुसऱ्यांनी लिहून घेतलं. १८८१ मध्ये पुस्तक आलं: 'व्हॉट मिसेस फिशर नोज अबाउट ओल्ड सदर्न कुकिंग'.

या नावातला 'मिसेस' लक्षात ठेवा. आपण कामाला येणाऱ्या बाईंना 'मावशी' म्हणतो तसं त्या काळी गोरी मंडळी कृष्णवर्णीय बायकांना 'आंट' म्हणायची. 'मिसेस' म्हणायला लागू नये, हा त्यामागचा हिशोब. इथे मात्र थेट मुखपृष्ठावर 'मिसेस फिशर'.

या पुस्तकात एक पाककृती आहे, 'सर्किट हॅश'. नाव वाचून मी आधी कोडिंगमधलं काहीतरी समजले. प्रत्यक्षात तो 'सक्कोटॅश', मका आणि ओल्या शेंगांमधल्या दाण्यांची भाजी. जांबलायाचं झालंय 'जंबर्ली'. बाई आपल्या उच्चारात बोलल्या, लिहिणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं त्याने उतरवलं. तुम्ही हा भाग वाचत असाल तर तुम्हाला हे लगेच कळेल, कारण आमचं मशीनही 'हॉपिन जॉन'चं 'हो पण जान' करतं आणि मी बसून दुरुस्त करते. पण त्या पुस्तकातल्या चुका मला दुरुस्त कराव्याशा वाटत नाहीत. त्या चुकांमुळेच तर कळतं की इथे एक बाई बोलत होती.

तर काल पुन्हा हॉपिन जॉन केलं. भिजवलेली चवळी उघड्या पातेल्यात शिजवली. दुसऱ्या भांड्यात बेकन परतून त्याच्याच चरबीत कांदा घातला. मग तांदूळ, चवळी आणि चवळीचंच पाणी, तांदळाच्या साधारण दुप्पट. एक उकळी, मंद आच, झाकण. शेवटी गॅस बंद करून दहा मिनिटं हात लावायचा नाही. बेकन नको असेल तर तेलात कांदा-लसूण आणि थोडी स्मोक्ड पेप्रिका चालेल, फक्त त्याला मूळची कृती म्हणू नका.

यावेळी दाणा दाणा सुटा झाला. रूममेटने विचारलं, "रेसिपी कुणाची?" मी रटलेज बाईंचं नाव घेणार होते, पण मग तिला बसवून हा सगळा भाग ऐकवला. भात तोवर गार झाला.

तुम्ही करून बघा, आणि कसा झाला ते कळवा. भेटू पुढच्या भागात!