चित्राभोवतीचा समास : नक्षीदार माउंट आणि संगणकीय कापणी यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

चित्र, छायाचित्र किंवा पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत बसविताना काच आणि कागद यांच्यामध्ये खिडकीसारखा कापलेला जाड बोर्ड ठेवला जातो. आपल्याकडील तसबिरींच्या दुकानांत त्याला 'माउंट' म्हणतात. अमेरिकेत त्याच वस्तूला 'मॅट' हे नाव आहे. पाहणाऱ्याची नजर माउंटवरून सहज सरकत चित्रापर्यंत पोहोचावी, अशी अपेक्षा असते. ज्या वस्तूचे यश तिच्याकडे लक्ष न जाण्यात आहे, तिचा इतिहास फारसा लिहिला जात नाही यात नवल नाही.

१९९० च्या दशकात अमेरिका व युरोपमधील चौकटकारांच्या दुकानांत संगणकनियंत्रित माउंट-कापणी यंत्रे येऊ लागली. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील विझार्ड इंटरनॅशनल, स्वित्झर्लंडमधील गुनार आणि इटलीतील वालियानी ही या क्षेत्रातील परिचित नावे होत. हाताच्या कौशल्याची जागा यंत्राने घेतली, असे या बदलाचे वर्णन सर्वसाधारणपणे केले जाते. हे वर्णन अपुरे आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. नक्षीदार माउंट यंत्रावर घडविण्याची प्रथा संगणकाच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची आहे. संगणकाने खरा फरक घडविला तो एकाच नगाचा नक्षीदार माउंट परवडण्याजोगा करून. या शक्यतेचा दुकानांनी कसा उपयोग केला आणि आतील कागदाच्या दृष्टीने त्याचे परिणाम काय, हे दोन प्रश्न त्यातूनच उद्भवतात.

संग्राहकांचे समास

चित्राभोवतीच्या जागेला स्वतंत्र मोल देणाऱ्यांत जॉर्जो वासारी (१५११–१५७४) याचे नाव आधी घ्यावे लागते. कलावंतांच्या चरित्रांसाठी तो प्रसिद्ध असला, तरी रेखाचित्रांचा संग्राहक म्हणूनही त्याचे स्थान मोठे आहे. आपल्या संग्रहाच्या मोठ्या पानांवर रेखाचित्रे चिकटवून त्यांच्याभोवती तो शाईने कमानी, कोनाडे, स्तंभ यांच्या चौकटी रेखाटून घेई. अशा पानांपैकी एक वॉशिंग्टन येथील नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. अठराव्या शतकात पॅरिसच्या प्येर-झाँ मारिएत (१६९४–१७७४) याने निळ्या कागदाचे माउंट वापरले. त्यावर शाईच्या रेषा, सोनेरी पट्टी आणि तळाशी चित्रकाराच्या नावाची चौकोनी पाटी असे. त्याच्या मृत्यूनंतर १७७५–७६ मध्ये संग्रहाचा लिलाव झाला आणि चित्रे युरोपभर पांगली. परंतु तो निळा माउंट ज्या चित्राभोवती टिकला, ते चित्र मारिएतच्या हाताखालून गेले हे आजही ओळखता येते. समास येथे मालकाच्या सहीचे काम करतो.

भारतीय वाचकाला या ठिकाणी मुघल मुरक्क्यांचे, म्हणजे चित्रसंग्रहांचे, स्मरण होणे स्वाभाविक आहे. कागदाचे थर चिकटवून केलेल्या वसलीवर चित्र किंवा सुलेखन बसवून त्याभोवतीचा हाशिया सजविण्याचे काम जहांगीर व शाहजहान यांच्या चित्रशाळांत होई. जहांगीरकालीन काही हाशियांत सोनेरी रेषांतून माणसे उभी राहतात, तर शाहजहानच्या काळात फुलझाडांना प्राधान्य मिळाले. या दोन परंपरांत थेट संबंध दाखविण्याचा येथे हेतू नाही. दोन्हींकडे समास एका विशिष्ट पानासाठी घडविला जाई आणि त्याचा खर्च दरबार किंवा धनिक संग्राहकच उचलू शके, एवढे साम्य पुढील विवेचनासाठी पुरेसे आहे.

पितळेचा साचा

१८३९ मध्ये डागेरोटाइप छायाचित्रण जाहीर झाले आणि समासाचा ग्राहक बदलला. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरील ही प्रतिमा इतकी नाजूक असे की बोटाचा स्पर्शही तिला पुसून टाकी. वर काच हवी. पण काच प्रतिमेला टेकता कामा नये. म्हणून दोहोंच्या मध्ये पितळी पत्र्याचा माउंट आला. कनेक्टिकटमधील वॉटरबरी गावच्या स्कोव्हिल कंपनीसारख्या, मुळात बटणे बनविणाऱ्या कारखान्यांना पितळेचा पातळ पत्रा साच्याखाली दाबून कापणे नवे नव्हते. अंडाकृती, अष्टकोनी, वर कमानीचा असे माउंट हजारोंच्या संख्येने तयार होऊ लागले. १८४० च्या दशकातील साधे पितळी माउंट पुढील दशकात वेलबुट्टीने भरून गेले.

शिंपी, शेतकरी, सैनिक यांच्या प्रतिमांना प्रथमच नक्षीदार समास लाभला तो असा. मात्र साच्याला स्वतःचे अर्थशास्त्र असते. एक साचा घडविण्याचा खर्च हजारो नगांवर विभागला गेला तरच तो परवडतो. त्यामुळे प्रत्येक ग्राहकाला मिळे ती इतर हजारोंना मिळालेलीच नक्षी. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने ज्यांचे एकाधिकारपत्र घेतले त्या लहान छायाचित्रपत्रांसाठी पुढे जे आल्बम निघाले, त्यांच्या पानांतील खिडक्याही साच्यानेच कापलेल्या होत्या. वासारीचा समास एका चित्राचा होता. वॉटरबरीचा समास कोणत्याही चित्राचा होता.

पुठ्ठ्याचे आम्ल

पितळेनंतर पुठ्ठा आला आणि त्याबरोबर एक संथ संकट आले. कागदनिर्मितीत तुरटी व राळ यांचा वापर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला होता. १८४४ च्या सुमारास जर्मनीत केलर याने लाकूड दळून लगदा करण्याची रीत शोधली. चिंध्यांच्या कागदाच्या तुलनेत हा कागद स्वस्त होता. परंतु लाकडातील लिग्निन आणि तुरटीतून आलेले आम्ल यांमुळे तो पिवळा पडे व ठिसूळ होई. याच मालाचे माउंटबोर्ड दुकानांत वापरले गेले. जुनी चौकट उघडली की चित्राच्या कडेने, खिडकीच्या आकाराला समांतर, तपकिरी रेघ उमटलेली दिसते. बोर्डातील आम्ल चित्राच्या कागदात उतरल्याची ती खूण असते. जे साधन रक्षणासाठी घातले, त्यानेच चित्राला डाग द्यावा, हा या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत कटू भाग होय.

अमेरिकेत विल्यम बॅरो याने कागदाच्या ऱ्हासावर केलेले काम १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुराने फ्लोरेन्समधील ग्रंथ व कागदपत्रांचा मोठा साठा बुडाला. त्याच्या जतनासाठी जगभरातून जमलेल्या तज्ज्ञांमुळे कागद-संवर्धन हे स्वतंत्र शास्त्र म्हणून आकाराला आले. १९८१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने माउंट घालण्याच्या व चित्र बिजागरीने टांगण्याच्या पद्धतीवर मेरिली स्मिथ यांनी सिद्ध केलेली पुस्तिका काढली. सुती चिंध्यांचा किंवा शुद्ध केलेल्या सेल्युलोजचा, कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला बोर्ड चौकटकारांच्या बोलण्यात आला. संगणकीय यंत्र दुकानात शिरण्यापूर्वी हे शिक्षण झाले होते, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिचा संबंध पुढे येईल.

वक्ररेषेची कुळकथा

हाताने माउंट कापणाऱ्याची परीक्षा कोपऱ्यावर होते. पाते सुमारे ४५ अंशांत तिरपे धरून कापल्यास खिडकीच्या कडेला बोर्डाचा पांढरा गाभा बारीक उतरणीसारखा दिसतो आणि नजर आत उतरते. परंतु पाते तिरपे असल्यामुळे बोर्डाच्या वरच्या व खालच्या पृष्ठावर काप एकाच जागी संपत नाही. नेहमीचा चार-पदरी बोर्ड जेमतेम दीड मिलिमीटर जाड असतो. तेवढ्यातही काप थोडा अलीकडे थांबला तर कोपरा तुटत नाही, थोडा पुढे गेला तर कोपऱ्याबाहेर ओरखडा उमटतो. कुठे थांबायचे हे कारागिराच्या मनगटाला कळते. सरळ रेषेसाठी पट्टीवर सरकणारी आणि लंबवर्तुळासाठी फिरणारी हातयंत्रे विसाव्या शतकात सर्रास होती. लतावेल, अक्षर किंवा पंखासारखा मुक्त आकार मात्र मोकळ्या हातानेच कापावा लागे व तो फार थोड्यांना साधे.

संगणकाने ही अडचण सोडविली ती दूरच्या क्षेत्रांतून उसने घेतलेल्या विद्येवर. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे अचूक आकार मिळविण्याच्या जॉन पार्सन्सच्या कल्पनेतून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अंकनियंत्रित यंत्र उभे राहिले; त्याचे प्रात्यक्षिक १९५२ मध्ये झाले. व्हिएन्नात जन्मलेल्या व नाझी छळातून निसटून अमेरिकेत आलेल्या जोसेफ गर्बर याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस कापडाचे थर संगणकाच्या आज्ञेने कापणारे यंत्र बनविले. तिकडे फ्रान्समध्ये मोटारींच्या अंगाच्या वळणदार रेषा गणितात कशा बसवाव्यात यावर सित्रोएन कंपनीत पॉल द कास्टेल्जो आणि रेनो कंपनीत प्येर बेझिए हे स्वतंत्रपणे काम करीत होते. बेझिएच्या नावाने ओळखली जाणारी वक्ररेषा १९८० च्या दशकात पोस्टस्क्रिप्ट आज्ञावलीचा आणि १९८७ मध्ये आलेल्या ॲडोबी इलस्ट्रेटरचा पाया बनली. पडद्यावर वेल काढायची आणि त्याच रेषेवरून पाते फिरवायचे, हे शक्य झाले ते या टप्प्यानंतर. कुणाच्या लग्नाच्या छायाचित्राभोवतीची फुलवेल मोटारीच्या बॉनेटशी असे नाते सांगते.

तिरप्या पात्याला वळणावर रेषेच्या दिशेने सतत फिरावे लागते आणि तीक्ष्ण कोपऱ्यावर वर उचलून, फिरून, पुन्हा नेमक्या खोलीवर उतरावे लागते. हाताने बहुधा बोर्डाच्या मागील बाजूने कापतात. ही यंत्रे दर्शनी बाजूने कापतात. काप कुठे सुरू व कुठे संपवायचा याची दुरुस्ती आज्ञावलीत आकड्यांनी भरावी लागते. पाते बदलले, बोर्डाची जाडी बदलली, की आकडेही बदलतात. मनगटाचे ज्ञान नाहीसे झाले असे म्हणण्यापेक्षा ते आकड्यांत उतरले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. वाकलेला बोर्ड व बोथट पाते यांची जाण नसलेल्या माणसाच्या हाती हे यंत्र बोर्ड वाया घालविण्याचेच काम वेगाने करते.

दुकानातील व्यवहार

यंत्राचा पहिला मोठा उपयोग कलात्मक नव्हता. शाळेच्या प्रत्येक वर्षाचे एक अशी बारा छायाचित्रे एकाच माउंटमध्ये लावायची झाल्यास बारा खिडक्यांचे ४८ काप होतात. दुहेरी माउंट असल्यास ९६. शेवटचा काप चुकला तर संपूर्ण बोर्ड फेकावा लागतो. हाताने असे काम करणारा कारागीर दर जास्त सांगे किंवा काम नाकारी. यंत्राने ते काही मिनिटांवर आणले. नक्षी त्यानंतर आली: दोन तिरपे काप एकत्र मिळून होणारी बारीक खाच, पायऱ्यांचे कोपरे, रंगीत बोर्डाचे एकमेकांत बसविलेले तुकडे, खिडकीखाली कोरलेले नाव, खेळाडूच्या सदऱ्याभोवती त्याचा क्रमांक. काही यंत्रांत पात्याच्या जागी लेखणी बसवून रेषाही काढता येत. मारिएतच्या माउंटवरील शाईच्या रेषा यंत्राने काढण्याचा हा प्रकार होता.

येथे इतिहासाने एक वेगळे वळण घेतले. साच्याचे बंधन नसल्यामुळे प्रत्येक चित्राला त्याचा स्वतःचा समास देणे प्रथमच सामान्य ग्राहकाला परवडणारे झाले होते. प्रत्यक्षात आज्ञावलीबरोबर तयार नमुन्यांचे भांडार मिळू लागले आणि घाईच्या दुकानात त्यातील कोपरे, फुले, पक्षी तसेच्या तसे उचलले गेले. नव्या यंत्राकडून जुन्या साच्याचेच काम घेतले गेले. याचा दोष यंत्राकडे जात नाही. चित्रापुढे तासभर बसून त्याला काय हवे ते ठरविणाऱ्या माणसाच्या वेळेला ग्राहक दाम देत नाही, हे त्यामागचे कारण अधिक खरे वाटते. ज्या चौकटकारांना रेखाटनाचे शिक्षण होते, त्यांनी या यंत्रावर चित्रातीलच एखादी रेषा समासात पुढे नेणारे अत्यंत संयत काम केले आहे. त्यांची संख्या थोडी आहे, एवढेच.

दुसरा प्रश्न कागदाचा. साध्या आयताकार खिडकीत गाभ्याची उघडी कड खिडकीच्या परिघाएवढी असते. नक्षी जितकी दाट, तितकी ही कड कित्येक पटींनी लांब होते. गाभा शुद्ध असेल तर बिघडत नाही; स्वस्त लाकडी लगद्याचा असेल तर तिरप्या कडा काही वर्षांत पिवळ्या पडून नक्षीचाच आराखडा तपकिरी रंगात उठून दिसू लागतो, आणि चित्राजवळच्या कडांचे आम्ल चित्रात उतरते. जाळीसारखा कापलेला समास आणखी एका दृष्टीने धोक्याचा ठरतो: काच व कागद यांत अंतर राखणे हे माउंटचे मूळ काम, आणि बोर्डाचे अरुंद पूल पुढे वाकून कागदाला टेकू लागले तर ते कामच उरत नाही. म्हणून जाणकार चौकटकार नक्षीचा थर वर आणि अखंड, शुद्ध बोर्डाचा थर चित्रालगत ठेवतात. डागेरोटाइपवरील पितळी पट्टीचे काम त्या आतल्या थराकडे जाते.

पुराव्याचा प्रश्न

जुन्या संग्रहालयांनी एके काळी अनेक चित्रांचे मूळ माउंट काढून एकसारखे नवे माउंट घातले व त्याबरोबर मालकीचे पुरावेही गमावले. आज मारिएतचा निळा कागद चित्राइतक्याच काळजीने सांभाळला जातो. पितळी माउंटच्या आकारावरून व नक्षीवरून डागेरोटाइपचे दशक अंदाजता येते, आणि छायाचित्रांचे अभ्यासक त्याचा नेहमी आधार घेतात. १९९० नंतरच्या संगणकीय माउंटला असा आधार मिळणे कठीण दिसते. चौकट पुन्हा बांधायला आली की जुना बोर्ड कचऱ्यात जातो. कापणीची आज्ञा एखाद्या बंद पडलेल्या संगणकात, त्या यंत्राशिवाय कशालाही न वाचता येणाऱ्या स्वरूपात पडून असते. आणि जो बोर्ड वाचतो त्याच्या कोपऱ्यातील गुलाब एकाच वर्षी शेकडो दुकानांत कापला गेलेला असल्यामुळे, तो कोणत्या हाताने निवडला हे चौकटीच्या मागे चिकटविलेल्या दुकानाच्या चिठ्ठीवरूनच कळू शकते.