वेड, वारें आणि सिद्दींचा ढोल

नागावहून रेवदंड्याची खाडी ओलांडून दक्षिणेस गेलें म्हणजे मुरूडच्या समुद्रांत जंजिऱ्याचा तट दिसूं लागतो. त्या मुलखास पूर्वी हबसाण म्हणत. तेथील सिद्दींच्या आरमाराविषयीं आपण पुष्कळ वाचलें आहे. १९४८ मध्यें तें संस्थान विलीन झालें. परंतु आफ्रिकेंतून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर केवळ सरदारच आले असें नव्हे. गुलाम, खलाशी व चाकर म्हणूनही पुष्कळ आले, आणि मनाच्या दुखण्याची एक निराळी समजूत त्यांच्या वंशजांनीं जतन केली.

ती पाहावयाची तर गुजराथेंत भडोच जिल्ह्यांतील रतनपूर गांठावें. तेथें टेकडीवर बावा गोर ह्या हबशी पिराचा दर्गा असून, बहीण माई मिश्रा हिचें स्थानही तेथेंच आहे. ज्याच्या कानांत आवाज येतात, जो घरच्यांस ओळखीत नाहीं, अशाला हिंदु, मुसलमान, पारशी, कोणीही घेऊन येतो. अंगांत शिरलेलें वारें पिरापुढें हजर होऊन बोलेल व निघून जाईल, ही श्रद्धा. (आपल्या कोंकणांत हें नवल वाटूं नये!) सिद्दी फकीर ढोलावर नाचतात, त्या नाचास ‘गोमा’ म्हणतात, स्वाहिली भाषेंत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल व नाचही.

ह्यावर हंसणाऱ्यांनीं दुसरी बाजूही पाहावी. १८५१ मध्यें अमेरिकेंतील कार्टराइट नांवाच्या डॉक्टरानें, धन्यापासून पळणारा काळा गुलाम हा मनोरोगी होय, असा शोध लाविला आणि चाबूक हा उपाय सांगितला. उलट नायजेरियांत डॉ. लाम्बो यांनीं १९५४ पासून आरो येथें रुग्णांस नातलगांसह खेड्यांत ठेवून देशी वैद्यांनाही हाताशीं धरलें.

तथापि दर्गा म्हणजे दवाखाना नव्हे. तामिळनाडूंत एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं आग लागली, तेव्हां सांखळ्यांनीं बांधलेले २८ रुग्ण पळूं न शकल्यामुळें मेले. २०१७ च्या कायद्यानें असें बांधणें वर्ज्य केलें. गुजराथेंत उणावा येथील मीरा दातार दर्ग्यांत २००८ मध्यें दुव्याबरोबर दवाही देण्याची योजना सुरू झाली. मला ती शहाणपणाची वाटते.

माझ्या वर्गांत एक मुलगा एकटाच कोणाशीं तरी बोले. तें सोंग समजून मीं त्याला छडी दिली. पुढें त्याची आई त्याला कोठल्याशा दर्ग्यास घेऊन गेली, असें कानीं आलें. तेथें निदान त्याला काय ऐकूं येतें, हें कोणीतरी विचारलें असेल.