हुकलेली यात्रा आणि सात मित्र

आपल्याकडे पंढरीची वारी, तशी स्पेनमध्ये 'हावियेरादा'. दर मार्चमध्ये नवारा प्रांतातले हजारो लोक गटागटाने चालत हावियरच्या किल्ल्याकडे निघतात. हावियर म्हणजे आपल्या गोव्यातल्या सेंट झेवियर यांचं जन्मगाव. त्यांचा जन्म १५०६ चा. जवळच्याच बास्क मुलखात लोयोलाचा वाडा. तिथे १४९१ साली इग्नेशियस जन्मले. या दोघांनी आणखी पाच मित्रांसोबत जेझुइट संघाचा पाया घातला. लोयोला ते मान्रेसा असा सुमारे ६५० किलोमीटरचा पायी मार्गही आता आखलाय. जगभरातले यात्रेकरू तिथे जातात, रोमला जातात आणि जुन्या गोव्यातही येतात.

पण गंमत बघा, हा संघ उभा राहिला तो एका न झालेल्या यात्रेमुळे.

इग्नेशियस मुळात लढवय्ये. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय फुटला. अंथरुणावर वेळ जाईना म्हणून हाती आली ती संतचरित्रं वाचली आणि माणूसच बदलला. मोन्सेरातच्या मठात तलवार वाहिली, अंगावरचे कपडे भिकाऱ्याला दिले. मान्रेसात जवळपास अकरा महिने राहिले. तिशी उलटल्यावर बार्सिलोनात पोरांच्या शेजारी बसून लॅटिन शिकले. उपदेश करतो म्हणून चर्चनेच चौकशी लावली. अल्कालात ४२ दिवस, सालामांकात २२ दिवस तुरुंगात काढले.

मग पॅरिसचं विद्यापीठ. तिथे खोलीत सोबती कोण, तर पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर. १५ ऑगस्ट १५३४ ला मोंमार्त्रच्या टेकडीवर सात जणांनी शपथ घेतली: गरिबीत राहायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, जेरुसलेमला जायचं. जमलं नाही, तर पोप सांगतील ते काम करायचं. व्हेनिसला पोहोचले, पण तुर्कांशी युद्धाचं वातावरण, जहाजच मिळेना. शेवटी रोम गाठलं. २७ सप्टेंबर १५४० ला पोपनी संघाला मान्यता दिली.

भारतात खरं तर बोबादिल्ला येणार होते. ते आजारी पडले आणि त्यांच्या जागी झेवियर निघाले. ६ मे १५४२ ला गोव्यात उतरले. वसईलाही येऊन गेले. १५५२ मध्ये चीनच्या दारातल्या एका बेटावर त्यांनी देह ठेवला.

इथवरची गोष्ट गाइड सांगतात. पुढची सहसा सांगत नाहीत. १५४६ मध्ये याच झेवियरनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन मागितलं. ते गोव्यात आलं १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. १८१२ पर्यंत अधूनमधून का होईना, चाललं. ज्यांच्या गुरुमित्राने चौकशीपायी तुरुंग भोगला, त्यांनीच ही मागणी करावी! हे लपवायचं कशाला?

आणि दुसऱ्या बाजूचे लोक तेवढंच पत्र धरून बसतात. याच संघाचे इंग्लंडमधून आलेले फादर थॉमस स्टीफन्स इथलेच झाले. त्यांनी मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचलं. १६१६ मध्ये ते सासष्टीतल्या राचोलला छापलं गेलं. मराठीचं वैभव सांगताना तेही विसरून चालणार नाही.

२०२४ मध्ये झेवियरांच्या अवशेषांवरून गोव्यात वाद पेटला, लोक रस्त्यावर आले. दोन्हीकडच्या किती जणांना ही सगळी गोष्ट ठाऊक होती? अर्ध्या माहितीवर भांडण लावणं फार सोपं असतं, आणि त्यात नुकसान शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं होतं.

म्हणून यात्रेचे गट नेणाऱ्यांना एवढंच सांगणं: बॉम जेझूला मेणबत्ती जरूर लावा. पण बसमध्ये १५४६ च्या पत्राबद्दलही बोला आणि वाट वाकडी करून राचोललाही न्या. श्रद्धा असलेल्या माणसाला पूर्ण इतिहास झेपतो.

तुमच्या गावातून असे गट जातात का? गाइड काय सांगतात? कमेंटमध्ये लिहा, पण जरा सबुरीनं.