चैत्रातली पट्टी

रविवारची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायरीवर उभे होतो. चाकणच्या एका कारखान्यात कामास असलेले एक गृहस्थ दोन्ही मुलांचे हात धरून जवळ आले आणि म्हणाले, "फादर, शाळा सुटल्या. आता दीड-दोन महिने ह्यांना घेऊन जायचं तरी कुठं? मॉलमध्ये पाय ठेवला की पाचशेच्या दोन नोटा जातात. ह्या शहरात फुकट असं काही उरलंच नाही."

त्यांची अडचण खरी होती. मात्र 'फुकट' ह्या शब्दापाशी आम्ही अडखळलो. ह्या भूमीवर उन्हाळ्याचा आनंद विनामूल्य मिळत असे, आजही थोडाफार मिळतो. परंतु तो कधी कोणाला फुकट पडला होता काय? ह्या एका प्रश्नाच्या मागे लागून आम्ही जी थोडी शोधाशोध केली, ती येथे मांडीत आहोत.

ज्याला आपण आज पिंपरी-चिंचवड म्हणतो ते शहर वयाने लहान आहे. १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलीनचा कारखाना उभा राहू लागला, साठीच्या दशकात औद्योगिक वसाहत आली, आणि १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी ही चार गावे एकत्र करून नगरपालिका झाली. १९८२ साली तिची महानगरपालिका झाली, आणि १९९७ मध्ये भोवतालची आणखी गावे तिच्या हद्दीत आली. म्हणजे येथील पन्नाशीच्या माणसाने आपल्या डोळ्यांदेखत ज्वारीची शेते जाऊन इमारती उभ्या राहिलेल्या पाहिल्या आहेत. शेते गेली, पण गावठाणे राहिली. रुंद रस्त्यावरून आत वळावे तो एकाएकी अरुंद बोळ, पार, तालीम आणि भैरवनाथाचे देऊळ. ह्या गावठाणांनी आपला उन्हाळा अजून सोडलेला नाही.

गावांकडे वळण्यापूर्वी शेजारच्या पुण्याचा उल्लेख केलाच पाहिजे, कारण शहरी माणसाचा विनामूल्य उन्हाळा ह्या भागात प्रथम तेथे योजनापूर्वक घडविला गेला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. त्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्यात कोर्टे बंद, शाळा-महाविद्यालये बंद. वकील, शिक्षक, विद्यार्थी सारे मोकळे. दुपारभर तापलेले शहर संध्याकाळी निवू लागले की माणसे घराबाहेर पडणारच. ती वेळ रानडे यांनी नेमकी हेरली. दररोज एक वक्ता, एक विषय, आणि ऐकणाऱ्यास दार उघडे! दीडशे वर्षे उलटली तरी पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत ही माला चालते. वक्तृत्वोत्तेजक सभा ही तिची संस्था. नावातच तिचा हेतू आहे. बोलणारे घडावेत आणि ऐकणारेही घडावेत. पुढे महाराष्ट्रातल्या गावोगावी ज्या व्याख्यानमाला निघाल्या, त्यांना पुण्याचा हा कित्ता समोर होता. पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्तीतही अशा माला रुजल्या. दिवसपाळी करून आलेला माणूस हातपाय धुऊन सतरंजीवर येऊन बसतो आणि दीड तास इतिहास ऐकतो, हे दृश्य आम्ही स्वतः पाहिले आहे. विद्यापीठांनाही त्याचा हेवा वाटावा.

परंतु व्याख्यान ऐकणारा वर्ग मुळात अक्षरओळख असलेल्यांचा. ज्यांच्या हातात पाटी आली नव्हती, त्यांच्या उन्हाळ्याचे नाव जत्रा.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे हवेली, मावळ, खेड, आंबेगाव आणि जुन्नर ह्या तालुक्यांत, ग्रामदैवतांच्या जत्रा प्रामुख्याने चैत्र-वैशाखातच का येतात, ह्याचे उत्तर शेतीत आहे. रब्बीचे धान्य घरात आलेले असते, खळी रिकामी झालेली असतात, नांगरटीची घाई अजून सुरू व्हायची असते. बैल मोकळा आणि माणूसही मोकळा. चैत्र पौर्णिमेस एका गावची, अष्टमीस दुसऱ्याची, अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे तिसऱ्याची, अशी तिथींची वाटणी असल्यामुळे मिठाईवाले, पाळणेवाले, पैलवान आणि तमासगीर एका गावाहून दुसऱ्या गावी जात राहतात. पहाटे अभिषेक, मग मांडवडहाळे, संध्याकाळी हारतुरे, रात्री पालखीचा छबिना. दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण. पाहुण्यास उपाशी परत पाठविणे हे गावाला लांच्छन.

येथे आमच्या वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. ईस्टरची तारीख कशी ठरते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो: वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार. हीच पौर्णिमा पुष्कळ वर्षी चैत्र पौर्णिमा असते! अधिक मासाच्या हिशेबाने काही वर्षी दोन्हींमध्ये महिन्याचे अंतर पडते; एरवी आपला पवित्र आठवडा आणि गावची जत्रा एकाच चंद्राच्या प्रकाशात येतात. २०२२ साली हनुमान जयंती पवित्र शनिवारी आली होती. २०२३ साली ती ६ एप्रिलला, नेमकी पवित्र गुरुवारी आली. भरीस भर म्हणून पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात विजेच्या नियोजनामुळे साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. त्या एका दिवशी कारखाने बंद, बाहेर ढोल-ताशा, शेजारच्या घरी मटणाची तयारी, आणि आपल्या घरात उपवासकाळाचे अखेरचे दिवस. मुलांनी नाकाने वास घ्यावा आणि आईकडे पाहावे, अशी त्या दिवशी अनेक घरांची अवस्था झाली. (आम्हांला त्या संध्याकाळी पाय धुण्याच्या विधीसाठी बारा माणसे जमविताना धाप लागली, हेही नमूद करतो.) तरीही वैशाखातल्या जत्रा उरतातच, आणि कामगारांच्या मुलांसाठी पाळणा, कुस्ती व घाट हा पुढल्या वर्षभराच्या गप्पांचा ठेवा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आखाड्याला तिकीट नाही, घाटाला तिकीट नाही, तमाशालाही नाही. मग हे सारे कोण चालवीत आले? उत्तर एका शब्दात आहे: पट्टी. जत्रेच्या आधी गावची चार माणसे वही घेऊन घरोघर फिरत. प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे द्यायचे. जत्रा झाल्यावर देवळात बसून जमाखर्च मोठ्याने वाचला जाई; कोणी किती दिले आणि नारळांना किती लागले, हे सर्वांसमक्ष कळे. ज्याने दिले तो यजमान. ज्याने दिले नाही तो पाहुणा. त्याचे स्वागत होई, मात्र हिशेबात त्याचे नाव नसे.

तमाशाचे उदाहरण फार बोलके आहे. चाकणहून नाशिकच्या रस्त्याने उत्तरेकडे गेले की नारायणगाव लागते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, घासाघीस करतात आणि आपल्या जत्रेची सुपारी देऊन जातात. एरवी हेच फड कनात लावून तिकीट घेतात. जत्रेत मात्र सुपारीची रक्कम गावाने दिलेली असल्यामुळे प्रेक्षकास सर्व मोकळे. कलावंतास ह्या मोकळेपणाची किती किंमत मोजावी लागते, हे विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या आयुष्यावरून कळते. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या, मध्येच आत जाऊन प्रसूत झाल्या, आणि प्रेक्षक खोळंबले म्हणून पुन्हा नाचायला बाहेर आल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान लाभला. अखेरचे दिवस मात्र हलाखीतच गेले. तमाशाविषयी आपल्या घरांतून नाक मुरडले जाते. आम्हीही तरुणपणी मुरडले होते. पण आता वाटते, त्या रात्री समोर बसलेल्या शेकडोंनी काहीही न देता जे पाहिले, त्याचे मोल एका बाईने चुकते केले.

बैलगाड्यांच्या शर्यतीची गोष्ट जरा निराळी आहे. ह्या भागातला 'घाट' म्हणजे चढाची, दोन्ही बाजूंनी माणसांनी भरलेली धाव. पुढे घोडी, मागे बैल, आणि काही सेकंदांत संपणारी बारी. भोसरीचा घाट आणि निमगावच्या खंडोबाचा घाट ही नावे ऐकली की ह्या भागातील वृद्धांचे डोळे चमकतात. आश्चर्य हे की, ज्यांची शेते कारखान्यांखाली गेली, त्यांच्याही गोठ्यात शर्यतीचा बैल राहिला. नांगर गेला तरी बैल गेला नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या शर्यतींस बंदी केली. बैलांना टोचणे, त्यांची शेपटी पिरगाळणे असे प्रकार घडत असत, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुक्या जिवाची बाजू कोणीतरी घेतली, हे योग्यच झाले. पुढे २०१७ साली राज्याने कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला.

शर्यती परतल्या, पण त्यांचे रूप पालटले होते. २०२२ च्या मे महिन्यात चिखलीस झालेल्या मोठ्या शर्यतीत पहिले बक्षीस चक्क जेसीबी यंत्राचे होते. पूर्वी घाटाच्या राजाला मिळणारी ढाल आणि आंब्याच्या झाडाखाली होणारा सत्कार कुठे, आणि हे यंत्र कुठे! प्रवेश तेव्हाही विनामूल्यच होता. मात्र असे यंत्र काही दारोदारच्या पट्टीतून येत नाही. ते देणाऱ्याचा फलक चौकाचौकांत झळकतो. घरोघरची वही मागे पडते आणि एका दात्याचे छायाचित्र पुढे येते, तेव्हा यजमान म्हणून उभे राहणारे सारे गाव हळूहळू प्रेक्षक होऊन बसते. आम्हांला हा बदल कुस्तीच्या बक्षिसांपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

आणि ज्यांचे गावच येथले नाही, त्यांचे काय? अहमदनगर, वसई, गोवा, केरळ, तमिळनाडू अशा चहूकडून आपली कुटुंबे पोटासाठी ह्या पट्ट्यात आली. काही वर्षांपूर्वी आम्ही ह्याच भागातील एका धर्मग्रामात होतो. तेथील चाळीत पट्टीची वही घेऊन माणसे आली. त्यांनी ओळीने सगळी दारे वाजविली आणि आपल्या तीन घरांची दारे तेवढी टाळली. त्यांपैकी एका घरातील बाई रडवेल्या होऊन आमच्याकडे आल्या. "फादर, आमची पोरं सगळ्यांच्या आधी पाळण्यापाशी जाऊन उभी राहतात. आम्हांला काय फुकटे समजतात हे लोक?"

आम्ही त्यांना घेऊन गावच्या पंचांपैकी एका वयस्कर गृहस्थांकडे गेलो. आजोबा ओशाळले. म्हणाले, "तसं नाही, ताई. तुमच्यात आमच्या देवाला पट्टी चालते की नाही, कोणाला ठावं? मागून तुमची पंचाईत व्हायची, म्हणून नाही मागितली."

पंचाईत होतीच. परमेश्वरावाचून दुसऱ्याची पूजा नाही, हे आपण पहिल्या आज्ञेत शिकतो, आणि त्या बाईंच्या पतीला पूजेसाठी पैसे देणे मनाला रुचत नव्हते. त्यांचा संकोच आम्ही प्रामाणिक मानला. दुसरीकडे, त्या आजोबांनी दाखविलेला संकोचही तितकाच प्रामाणिक होता, हे आम्हांला त्या दिवशी प्रथम कळले. बराच वेळ चहाचे कप हातात राहिले. अखेर आजोबाच म्हणाले, "आखाड्यापाशी पाणपोई लागते. मागल्या साली पाणी दुपारीच संपलं. तेवढं घेता का अंगावर?"

त्या वर्षी तीन घरांच्या सहा माणसांनी आळीपाळीने रांजण भरले. एकाची दुसरी पाळी होती. तो कारखान्यात जाण्यापूर्वी दहा हंडे ओतून गेला. मुले पेले विसळीत होती, आणि त्यामुळे त्यांचा पाळणा एक दिवस चुकला, ह्याबद्दल त्यांनी पुष्कळ कुरकुर केली. रात्री देवळापुढे हिशेब वाचला गेला. तेल, नारळ, मांडव, सुपारी, आणि मग 'पाणपोई' म्हणून तीन नावे. त्यांतले एक नाव वाचणाऱ्याला धड उच्चारता आले नाही. मागून कोणीतरी ते दुरुस्त करून सांगितले, आणि वाचणाऱ्याने पुन्हा एकदा, ह्या वेळी मोठ्याने, वाचले.

पायरीवर भेटलेल्या त्या गृहस्थांना आम्ही पुढल्या रविवारी हे सारे सांगितले. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "आमच्या बाजूच्या गावची जत्रा कधी असते, फादर? कोणाला विचारावं लागेल?" आम्ही म्हटले, "तालमीत विचारा. आणि गुरुवारी जा, त्या दिवशी तुम्हांला सुट्टी असते."