संकेतार्थाचा इंग्रजी पेच

‘पाऊस पडला असता, तर कळंब्याचा तलाव भरला असता’ या वाक्याचीं दोन्ही अंगें एकाच ‘असता’वर तोललेलीं आहेत. इंग्रजीस ही समता चालत नाहीं. अटीस ‘हॅड’ व फलास ‘वुड हॅव’ लागतें. कोल्हापुरचा विद्यार्थी अटींतही ‘वुड हॅव’ योजतो, तेव्हां तो मातृभाषेचाच न्याय लावीत असतो. त्यास निव्वळ अज्ञान म्हणणें अन्यायाचें होय. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ मध्यें व मोरो केशव दामले यांचें १९११ मध्यें प्रसिद्ध झालें. इंग्रजीची छाया पडलेल्या या परंपरेंतही संकेतार्थाचें मराठी रूप अबाधित राहिलें. विशेष हें कीं, १६११ च्या इंग्रजी बायबलांत अट व फल दोहोंसही ‘हॅड’ लावलेलीं वाक्यें आढळतात. फलाच्या ठायीं ‘वुड हॅव’ अनिवार्य झालें तें मागाहून.