ट्रकच्या वजनाला मर्यादा का असते? चौथ्या घाताचं सोपं गणित

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या गावाकडचा डांबरी रस्ता दोन-तीन महिन्यांत उखडायचा. "गाड्या वाढल्यात, रस्ता खराब होणारच," असं सगळे म्हणायचे. मलाही तेच वाटायचं. पण हिशोब करून पाहिला तेव्हा कळलं की खरा प्रश्न गाड्यांच्या संख्येचा कमी आणि वजनाचा जास्त आहे.

ॲक्सल लोड म्हणजे काय?

ॲक्सल म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं ज्यावर बसतात तो आस. रस्त्याच्या झिजेसाठी गाडीच्या एकूण वजनापेक्षा एका आसावर किती भार येतो हे महत्त्वाचं. त्या भाराने डांबराचा थर किंचित वाकतो आणि परत वर येतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तसंच इथे होतं. आधी बारीक भेगा, मग आत पाणी, मग खड्डा. म्हणूनच अवजड ट्रेलरला जास्त ॲक्सल देऊन भार वाटून घेतात.

नुकसान किती वाढतं?

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात खास चाचणीचे रस्ते बांधून त्यावर लष्कराच्या चालकांनी सतत ट्रक चालवले. त्यातून एक ढोबळ नियम मिळाला: नुकसान ॲक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. भार दुप्पट झाला तर नुकसान २×२×२×२, म्हणजे १६ पट! रस्त्याच्या प्रकारानुसार हा घात बदलतो, पण अंदाजासाठी नियम चांगला आहे.

आता उदाहरण बघा. १ टनाच्या कारच्या प्रत्येक ॲक्सलवर अर्धा टन भार येतो. ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर १० टन धरू. भार २० पट, नुकसान १,६०,००० पट. आणि त्याच ॲक्सलवर १० ऐवजी १२ टन आले, तर नुकसान थेट दुप्पट.

भारतातला नियम

२०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. भार सुमारे १३ टक्के वाढला, पण वरच्या सूत्राने एका फेरीतलं नुकसान सुमारे ६० टक्के वाढतं. फेऱ्या कमी लागतात हे खरं, पण तेवढ्याने हा फरक भरून निघत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडिंगला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे.

पुलाचं काय?

रस्ता हळूहळू झिजतो. पुलाला मात्र त्याच्यावर असलेलं सगळं वजन एकाच वेळी पेलावं लागतं. त्यामुळे जुन्या पुलावरच्या पाटीवर गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा असते आणि ती एकदाच मोडली तरी धोका असतो.

"दोन टन जास्त भरले तर काय बिघडतं?" असं कुणी म्हणालं, तर त्याला हे गणित सांगा. वाचलेली फेरी ट्रकमालकाची. खड्डा मात्र सगळ्या गावाचा.